मॅटिनीचा खेळ परत हवा

आमच्या घरी उडदाचे पापड फिल्मच्या डब्यात असायचे. पत्र्याचा गोल डबा, लहान ताटाएवढा. झाकण इतकं घट्ट की आजी ते उलथन्याच्या टोकानं उचकटायची. माझे थोरले मामा गिरगावातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. त्यांनी कधीतरी हा रिकामा डबा घरी आणला, पापड त्यात बरोबर मावतात हे आजीच्या लक्षात आलं आणि डबा स्वयंपाकघरातलाच झाला. झाकणावर पांढऱ्या रंगात पिक्चरचं नाव लिहिलेलं होतं. घासून घासून ते गेलं, आकडा तेवढा राहिला, ७. सातवं रीळ. कुठल्या पिक्चरचं, ते मामांनाही आठवत नव्हतं.

गेल्या महिन्यात माझी मुलगी म्हणाली, "आई, मला नाही आवडत जुने पिक्चर. आवड ज्याची त्याची असते ना गं?" आपल्याकडे या वाक्यावर वाद मिटतो. कुणाला देव आनंद आवडतो, कुणाला दिलीप कुमार, कुणाला दोघंही नको असतात, त्यात भांडायचं काय? पण माझ्या मनातून ते वाक्य जाईना. मी तिला विचारलं, तू किती जुने पिक्चर पाहिलेस? तिनं प्रामाणिकपणे मोजले. दोन पूर्ण, दोन अर्धे. चारही मोबाईलवर, त्यातला एक बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये. थिएटरात एकही नाही. तिचं वय वीस आहे, जन्म मुंबईतला आहे आणि जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायची संधी तिच्या वाटेला एकदाही आलेली नाही.

आवड ज्याची त्याची, हे मला मान्य आहे. पण ज्यातून निवडायचं ते आधी समोर यावं लागतं, आणि ते समोर आणणं एकट्यादुकट्याच्या हातात नसतं. म्हणून जुन्या सिनेमाची आवड ही मला घरातली खासगी गोष्ट वाटत नाही. पाण्याचा नळ, वाचनालय, खेळाचं मैदान यांच्यासारखा तो शहराचा प्रश्न आहे.

मुंबईत ही आवड घडवणारी एक साधी सोय होती, मॅटिनी. मुख्य खेळ तीन, सहा, नऊचे. त्याआधी सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला मॅटिनी, आणि तिथं बऱ्याचदा जुना पिक्चर लागायचा. दर कमी. वितरकाकडे जुनी प्रिंट पडून असायची, थिएटर सकाळी रिकामं असायचं, दोघांचंही त्यात भागायचं. संस्कृती जपावी म्हणून कुणी ही सोय केलेली नव्हती, तरी तिनं ते काम केलं. मामा म्हणायचे, मॅटिनीचं पब्लिक निराळंच. रात्रपाळी संपवून आलेले गिरणी कामगार, कॉलेज बुडवलेली मुलं, सगळ्यांचे डबे भरून मोकळ्या झालेल्या बायका, गावाहून कामाला आलेला आणि परतीच्या गाडीला वेळ असलेला एखादा पाहुणा.

अकरावी-बारावीत मी मामांच्या ओळखीनं पुष्कळ मॅटिन्या पाहिल्या. गुरुदत्त तिथं पाहिला, बिमल रॉय तिथं पाहिले, राजा परांजपे तिथं पाहिले. यातलं काहीही ठरवून पाहिलं नाही. त्या आठवड्यात जे लागलं असेल ते बघायचं. कधी कंटाळा यायचा, कधी अर्ध्यावर झोप लागायची, आणि कधी बाहेर आल्यावर दुपारच्या लख्ख उन्हात गिरगावचा रस्ता काही क्षण अनोळखी वाटायचा. एकदा मामांनी मला वर बूथमध्ये नेलं. दोन मशीनं, कार्बनच्या कांड्यांचा डोळे दिपवणारा उजेड, उकाडा, आणि भिंतीतल्या लहानशा चौकोनातून दिसणारा पडदा. त्यांनी मला पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघायला सांगितलं. तिथं क्षणभर एक गोल ठिपका चमकला आणि त्यांनी दुसऱ्या मशीनची मोटर सुरू केली. थोड्याच वेळात दुसरा ठिपका आला, त्यांचा हात खटक्यावर गेला, आणि खाली बसलेल्या शेकडो माणसांना कळलंसुद्धा नाही की एक रीळ संपून दुसरं लागलंय. अजूनही जुनी प्रिंट असली की माझी नजर त्या कोपऱ्यात जाते.

न ठरवता पाहिलेल्या त्या पिक्चरांना मी फार मोल देते. आज माझ्या मुलीच्या मोबाईलमधलं अ‍ॅप तिला जे आधी आवडलं त्याच्यासारखंच पुढचं दाखवतं. मॅटिनीचा बोर्ड माझी आवड विचारत नव्हता. मला कधी सुचलंच नसतं असं काहीतरी तो माझ्यापुढे ठेवायचा आणि मग ते घ्यायचं की टाकायचं हे मी ठरवायचे. आवड वाढते ती अशी. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट दाखवून दूरदर्शनही त्या काळी हेच करत होतं. सगळी चाळ एका खोलीत बसून एकच पिक्चर बघायची. तेही गेलं, मॅटिनीही गेली.

कशी गेली, ते दिसायला साधं आहे. एकपडदा थिएटरं बंद पडत गेली. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा खेळही नव्या पिक्चरचाच. आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत थिएटरांतून फिल्मची मशीनं निघाली, डिजिटल प्रोजेक्टर आले. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्या पिक्चरची चांगली डिजिटल प्रत झालेली नाही तो आज जवळजवळ कुठल्याच थिएटरात दाखवता येत नाही, मग त्याची प्रिंट गोदामात धडधाकट पडलेली का असेना.

आणि सगळ्याच प्रिंटा धडधाकट नाहीत. मी वाढले त्या गिरगावात ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच गिरगावात १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. हरिश्चंद्राचा काही भागच उरला आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आजवर कुठे सापडलेली नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, पिक्चर नाही. या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण आणि अपुरे मिळून तीसेक शिल्लक असतील. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही, एकदा पेटली की विझवणं कठीण. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म पेटत नाही, पण उकाड्यात आणि दमट हवेत सडते. अशा रिळाचा डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. मुंबईची हवा तिच्यासाठी वैऱ्यासारखी. आणि कितीतरी फिल्म तर आपणच विकली. भंगारवाले ती किलोवर घ्यायचे, धुऊन तिच्यातली चांदी काढायचे आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या व्हायच्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तिथं पी. के. नायर यांनी हयातभर ही रिळं शोधून आणली म्हणून जे काही राहिलं ते राहिलं. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आग लागली आणि नायट्रेटवरचे कितीतरी मोलाचे पिक्चर जळाले.

मग आपण 'क्लासिक' म्हणून ज्यांची यादी करतो ते काय आहे? जे उरलं, त्यातून जे दाखवलं गेलं, त्यातून जे आपल्यापर्यंत पोचलं, त्यातली आपली निवड. जे पिक्चर बांगड्या झाले ते कुणाला आवडले असते, कुणी सांगावं?

जे उरलंय तेसुद्धा लोकांपर्यंत कसं पोचतं, तेही बघायला हवं. मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुडुदुडु धावणारी, झटके देत हात हलवणारी माणसं येतात आणि हसू येतं. त्या काळी माणसं अशी चालत नव्हती आणि सिनेमाही असा दिसत नव्हता. ते चित्रण साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटींच्या वेगानं झालेलं असे. पुढं ते बोलपटाच्या २४ च्या वेगानं दाखवलं की सगळे धावायला लागतात. चूक दाखवणाऱ्याची, आणि हसं होतं ते करणाऱ्यांचं. फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' योग्य वेगानं बघा. सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची, कॅमेऱ्यापुढे नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि मग तीच पोर कृष्ण होते. आधी मुलगी दाखवायची, मग देव दाखवायचा, आणि तरी त्या देवावर प्रेक्षकांचा विश्वास बसवायचा, ही हिंमत बघून मी थक्क झाले होते.

बोलपटांचेही हाल कमी नाहीत. जुना पिक्चर चौकोनी पडद्यासाठी काढलेला असतो. तो आजच्या लांबट टीव्हीत बसवायचा म्हणून वरून आणि खालून कापतात. मी नेटवर एका जुन्या मराठी तमाशापटातली लावणी पाहिली, तर नाचणारीचे पाय घुंगरांसकट चौकटीबाहेर. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, आवाजाला सतत खरखर, दोन कडवी गायब. असं बघून कुणी म्हणालं की जुने पिक्चर कंटाळवाणे असतात, तर त्याला काय बोल लावायचा? रंग भरण्याचंही तेच. कृष्णधवल पिक्चरमध्ये उजेड आणि सावली मोजूनमापून लावलेली असते. नव्या पिढीला आवडावं म्हणून त्यात रंग भरणं मला अजिबात पटत नाही. नव्या पिढीला मूळ पिक्चर कधी दाखवलाय आपण?

मागे एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी 'संत तुकाराम' पुन्हा पाहिला. १९३६ चा, प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. टीव्हीवर तो मी दोन-तीनदा पाहिला होता आणि भाविक पिक्चर म्हणून बाजूला ठेवला होता. मोठ्या पडद्यावर मला पहिल्यांदा आवली दिसली. गौरीनं केलेली आवली शेण उचलते, म्हशीशी बोलते, पोरांना जेवू घालते, नवऱ्यावर चिडते, आणि पोर आजारी पडतं तेव्हा विठोबाला जाब विचारायला चप्पल हातात घेऊन देवळात शिरते. सभागृहात आधी हशा पिकला. मग तो थांबला, कारण पडद्यावरच्या बाईचा राग खरा होता. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आकाशाकडे बघतो आणि ही बाई जमिनीकडे. अख्खा पिक्चर या दोघांच्या मधे उभा आहे. लहान पडद्यावर मला हे कळलं नव्हतं. माझी आवड बदलली नव्हती, मला पिक्चर नीट दिसला होता.

थिएटर आवड कशी ठरवतं याचं एक उदाहरण दादरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' कोहिनूरला लागायचा होता. एका हिंदी पिक्चरसाठी तो मागे सारला जातोय म्हटल्यावर शिवसेना रस्त्यावर उतरली, पिक्चर लागला, आणि पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पडदा मिळाला नसता तर महाराष्ट्राला दादा आवडले असते का? आमच्या घरी मात्र दादांचे पिक्चर बघायची सोय नव्हती. आई म्हणायची, ते आपल्यासाठी नाहीत. 'आपल्यासाठी' म्हणजे गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांसाठी. लालबाग-परळला भारतमाता थिएटरात ज्यांनी ते डोक्यावर घेतले त्यांच्या आवडीला आमच्याकडे आवड म्हणतच नसत. चाळिशी ओलांडल्यावर मी 'सोंगाड्या' पाहिला. वसंत सबनिसांचे संवाद, आईच्या धाकातला तो भोळा नाम्या, तमाशाच्या फडाची ओढ. त्यात किती पक्कं लोकनाट्य आहे! म्हणून जुन्या सिनेमाच्या नावानं पुन्हा एकदा ठरावीक दहा-वीस मान्यवर पिक्चरांचीच पूजा होणार असेल तर मला ती नको. मॅटिनीत प्रभातचा 'कुंकू' लागावा आणि 'सोंगाड्या'ही लागावा.

आता कायद्याकडे येऊ. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे साठ वर्षांहून जुने पिक्चर आज जनतेचे आहेत, आणि दर १ जानेवारीला त्यात आणखी एका वर्षाची भर पडते. 'कुंकू' आपला आहे, 'श्यामची आई' आपला आहे, 'जगाच्या पाठीवर' आपला आहे. कागदावर. दाखवण्याजोगी प्रत नसेल तर त्या मालकीचं करायचं काय? पुस्तकांच्या बाबतीत १९५४ चा कायदा आहे. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते आणि त्यातलं एक आपल्या मुंबईत, टाऊन हॉलमध्ये आहे. चित्रपटाची नीट टिकणारी प्रत संग्रहालयाकडे दिलीच पाहिजे, असा तितकाच पक्का कायदा व्हायला हवा. बरं, सरकार काहीच करत नाही असंही नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर झाले, आणि सुमारे २२०० चित्रपट दुरुस्त करून नव्यासारखे करण्याचं काम २०२२ मध्ये जाहीर झालं. काम मोठं आहे, मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण दुरुस्त झालेले पिक्चर बहुतेक महोत्सवांत दिसतात. पेडर रोडला २०१९ पासून भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाची (पुण्याच्या संग्रहालयाहून हे वेगळं) देखणी वास्तू उभी आहे, तिथं जुने कॅमेरे, पोस्टरं, पोशाख बघता येतात. चुनाभट्टीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या मुलाला शनिवारी सकाळी पन्नास रुपयांत असा दुरुस्त झालेला पिक्चर बघता यावा, ही शेवटची पायरी मात्र कुणी बांधलेली नाही. पैसे जनतेचे, पिक्चर जनतेचा, पडदा तेवढा नाही.

हे बाजारावर सोपवा, असं सांगणारे भेटतात. जुने पिक्चर पुन्हा लागतात आणि चालतातच की. खरं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन ऐंशीचे झाले तेव्हा फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्यांचे सुरुवातीचे पिक्चर थिएटरांत लावले आणि पोरांनी गर्दी केली. मराठा मंदिरला १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तीस वर्षांनंतरही साडेअकराला लागतो. समोर मुंबई सेंट्रल, गाडीला वेळ असलेली माणसं आत जाऊन बसतात. जुन्या पिक्चरची मॅटिनी आजही चालते याचा याहून मोठा पुरावा मला नको. पण बाजार तेच पिक्चर परत आणतो जे लोकांच्या ओठावर आधीच आहेत. त्यात राजा परांजपे येणार नाहीत, मूकपट येणार नाहीत, 'कुंकू'मधली शांता आपट्यांची नीरा येणार नाही. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न मी मानत नाही, असं १९३७ मध्ये ठणकावून सांगणारी ती मुलगी आजच्या मालिकांतल्या सुनांपेक्षा किती पुढची आहे, हे माझ्या मुलीला कळणारच नाही. आणि जुन्या पिक्चरांत जे आज खटकतं, जातीचे उल्लेख, बायकांना मारलेल्या थोबाडीत, तेही न कापता दाखवावं. खेळाआधी कुणीतरी पाच मिनिटं बोलावं, एवढं पुरे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लोकल फुटेस्तोवर भरतात, पावसाळ्यात हिंदमाता तुंबतं आणि तुम्हाला पिक्चर सुचतोय? पण दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे आणि ते नफ्यात चालतं का, असं आपल्यापैकी कुणी विचारलेलं नाही. मॅटिनीला नवी इमारत लागत नाही. सकाळी जवळपास रिकामे असणारे पडदे या शहरात शेकड्यानं आहेत. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर आधीच कमी आहे. जुन्या पिक्चरसाठी राज्यानं आपला वाटा सोडून द्यावा. संग्रहालयानं दुरुस्त प्रती नाममात्र दरानं द्याव्यात. एकपडदा थिएटरवाल्यांची वीज, सफाई, दोन माणसांचा पगार एवढा खर्च सुटेल अशी रक्कम महापालिकेनं ठरवून द्यावी. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था १९६८ पासून पदरमोड करून चांगला सिनेमा दाखवत आल्या आहेत; काय दाखवायचं ते ठरवायला त्यांना बोलवावं, आणि त्यांच्या जोडीला लालबागच्या माणसांनाही.

सुरुवात एका पडद्यापासून झाली तरी चालेल. शक्यतो गिरगावात किंवा दादरला, स्टेशनाजवळ. शनिवारी सकाळी साडेअकरा. तिकीट पन्नास रुपये, सगळ्या खुर्च्यांना एकच दर. पहिल्या आठवड्याला 'कुंकू', दुसऱ्याला 'सोंगाड्या', तिसऱ्याला 'कालिया मर्दन', योग्य वेगानं आणि समोर पेटी-तबला घेऊन बसलेल्या वादकांसकट. चौथ्याला बिमल रॉय. पाचव्याला जे संग्रहालयातून येईल ते, नाव आधी जाहीर न करता. बुकिंग उघडलं की मी मुलीला घेऊन येईन. तिला आवडेल की नाही, ते तिनं बघून सांगावं.